विमान उडण्याआधीचे गणित

आकाशातून विमान जाताना दिसले की आपल्या मनात प्रथम वैमानिक येतो. थोडी अधिक माहिती असलेल्यांना विमानतळावरच्या मनोऱ्यात बसलेला हवाई वाहतूक नियंत्रकही आठवतो. पण हे विमान आज कोणत्या वाटेने जाईल, किती उंचीवरून जाईल, त्यात किती किलो इंधन भरावयाचे, उतरण्याच्या ठिकाणी धुके पडले तर दुसरीकडे कोठे उतरावयाचे, हे सारे कोणी ठरविले असेल? आणि मुख्य म्हणजे, 'आज हे उड्डाण होणार नाही' असे सांगण्याचा अधिकार कोणाला असतो?

ही सारी आखणी जमिनीवरच्या एका खोलीत, नकाशे आणि हवामानाचे अहवाल समोर ठेवून बसलेला माणूस करतो. त्याला फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात. नियंत्रक आणि डिस्पॅचर यांत नेहमी घोटाळा होतो, म्हणून दोघांतला फरक आधी लक्षात ठेवा. नियंत्रक हा आकाशातल्या सर्व विमानांना एकमेकांपासून दूर ठेवतो. तो कोणत्याही एका कंपनीचा नसतो. डिस्पॅचर मात्र विमान चालविणाऱ्या संस्थेचा माणूस असतो. त्याच्या संस्थेचे विमान निघण्यापूर्वी त्याची संपूर्ण आखणी करणे आणि ते सुखरूप उतरेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवणे हे त्याचे काम.

एका अपघातातून आलेला कायदा

हे काम कायद्याने बांधले गेले त्यामागे एक दुःखद घटना आहे. ६ मे १९३५ रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात एक प्रवासी विमान कोसळले. खराब हवा, दाट धुके आणि संपत आलेले इंधन अशा तिहेरी अडचणीत ते सापडले होते. मृतांत ब्रॉन्सन कटिंग नावाचे एक सिनेटर होते. त्यामुळे देशभर चर्चा झाली, संसदेने चौकशी केली, आणि १९३८ साली नागरी विमान वाहतुकीचा नवा कायदा झाला. त्या काळापासून अमेरिकेतील नियमित विमान कंपन्यांसाठी परवानाधारक डिस्पॅचर आवश्यक ठरला. तेथील नियमाप्रमाणे उड्डाणाच्या सुरक्षिततेची जबाबदारी विमानाचा मुख्य वैमानिक आणि डिस्पॅचर या दोघांवर सारखीच असते. दोघांपैकी एकानेही 'नाही' म्हटले तर विमान हलत नाही.

या नियमामागचा विचार अगदी साधा आहे. वैमानिकाला कधी घरी परतण्याची घाई असेल, कधी तो थकलेला असेल, कधी प्रवाशांच्या आग्रहाला बळी पडेल. विमानात न बसणारा, शांत डोक्याने आकडे पाहणारा दुसरा माणूस असेल, तर एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात येते. गणिताच्या वहीतली उदाहरणे तुम्ही मित्राकडून तपासून घेता ना? तसेच हे.

वेळापत्रकाबाहेरचे आकाश

रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दोन शहरांमध्ये जाणारी विमाने आपल्या ओळखीची असतात. पण त्यांच्याखेरीज आकाशात आणखी पुष्कळ वाहतूक चालते. भाड्याने घेतलेली छोटी जेट विमाने, रात्री पार्सले वाहणारी मालवाहू विमाने, रुग्णांना नेणारी हेलिकॉप्टरे, समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगारांना पोहोचविणारी हेलिकॉप्टरे, वणवा विझविणारी विमाने. अशा सेवांना वेळापत्रक नसते. आपल्या सरकारी कागदपत्रांत त्यांना 'नॉन-शेड्यूल्ड' म्हणतात.

या जगात डिस्पॅचरचे काम मोठ्या कंपनीतल्यापेक्षा बरेच वेगळे होते. मोठ्या कंपनीचे विमान रोज त्याच वाटेने जाते. वाटेवरचे विमानतळ, तेथली धावपट्टी, इंधनाची सोय हे सारे आधीच तपासलेले असते. हवामान पाहणारे वेगळे, वैमानिकांच्या पाळ्या लावणारे वेगळे, परवानग्या मिळविणारे वेगळे. भाड्याच्या विमानांच्या छोट्या संस्थेत मात्र ही सारी कामे बहुधा एकाच टेबलावर येतात. संध्याकाळी फोन येतो की, उद्या सकाळी आठ जणांना अमुक गावी जावयाचे आहे. संस्थेचे विमान त्या गावी पूर्वी कधी गेलेलेही नसते.

मग प्रश्नांची यादी सुरू होते. तेथील धावपट्टी या विमानाला पुरेल एवढी लांब आहे काय? विमानाचे वजन ती पेलेल काय? तेथे जेटचे इंधन मिळते काय? रात्री दिवे असतात काय? अग्निशमनाची सोय आहे काय? विमानतळ किती वाजता बंद होतो? वैमानिकांनी आज किती तास काम केले आहे, आणि त्यांची विश्रांती पुरी झाली आहे काय? विमान परदेशी जाणार असेल तर आणखी एक भर पडते. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सत्ता असते. म्हणून वाटेतल्या ज्या ज्या देशांच्या नियमांत पूर्वपरवानगीची अट आहे, त्यांची परवानगी आधी हातात असावी लागते.

वेळेचाही घोटाळा टाळावा लागतो. विमान वाहतुकीत सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. आपले घड्याळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. म्हणजे मुंबईत रात्रीचे साडेअकरा वाजले असतील, तर डिस्पॅचरच्या कागदावर १८:०० असते. साडेपाच तास मिळवावयाचे की वजा करावयाचे यात गफलत झाली, तर विमान बंद विमानतळावर जाऊन पोहोचेल.

या बाहेरच्या जगातून मोठ्या गोष्टीही उभ्या राहिल्या आहेत. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री अमेरिकेतील मेम्फिस शहरातून फेडरल एक्सप्रेस या संस्थेने आपले काम सुरू केले, तेव्हा तिच्याजवळ १४ छोटी फाल्कन विमाने होती. त्या रात्री २५ शहरांसाठी एकूण १८६ पार्सले होती. मेम्फिस निवडण्याचे कारण भूगोलाच्या विद्यार्थ्यांना आवडेल. ते शहर देशाच्या मध्यभागाजवळ आहे, आणि तेथील विमानतळ हवामानामुळे क्वचितच बंद राहतो. सर्व विमाने रात्री एका ठिकाणी आणावयाची, माल बदलावयाचा आणि पहाटे परत पाठवावयाची, अशी ही पद्धत. तीत एक विमान अडले तर पुढची साखळीच अडते. म्हणून केंद्राची जागा ठरवितानाच हवामानाचा विचार करावा लागला.

किती इंधन भरावे?

आता प्रत्यक्ष गणिताकडे वळू. समजा, एका विमानाला मुक्कामी पोहोचण्यास ३ तास लागतात आणि ते तासाला २,४०० किलो इंधन जाळते. तर ७,२०० किलो इंधन पुरे, असे तुम्ही म्हणाल. डिस्पॅचर तसे म्हणणार नाही. जेट विमानासाठी आंतरराष्ट्रीय नियमांचा साधारण हिशेब असा मांडतात:

प्रवासासाठी ३ तासांचे इंधन — ७,२०० किलो.
वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला, वाट थोडी वळवावी लागली, अशा गोष्टींसाठी प्रवासाच्या इंधनाचे ५ टक्के — ३६० किलो.
मुक्कामी उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळ गाठण्यासाठी, समजा ४० मिनिटांचे — १,६०० किलो.
शेवटची राखीव शिल्लक, ३० मिनिटे घिरट्या घालता येतील इतकी — १,२०० किलो.
धावपट्टीपर्यंत जमिनीवर चालत जाण्यासाठी — २०० किलो.

बेरीज करा. १०,५६० किलो भरले. सोपेपणासाठी आपण सगळीकडे तोच दर धरला आहे. प्रत्यक्षात उंची आणि वेगाप्रमाणे तो बदलतो. तासाला २,४०० किलोच्या दराने हे इंधन ४ तास २४ मिनिटे पुरेल. म्हणजे ३ तासांच्या प्रवासाला जवळजवळ साडेचार तासांचे इंधन घेतले. यातील शेवटच्या ३० मिनिटांच्या इंधनाला हात लावण्याची वेळ येणे म्हणजेच संकट, असे मानतात.

मग टाक्या नेहमी काठोकाठ का भरू नयेत? कारण इंधनालाही वजन असते, आणि ते वजन उचलण्यासाठी आणखी इंधन जळते. लांबच्या प्रवासात जादा घेतलेल्या इंधनापैकी दर तासाला साधारण तीन टक्क्यांच्या आसपास भाग केवळ तो भार वाहण्यातच खर्च होतो. शिवाय वजन वाढले की धावपट्टी अधिक लांब लागते. छोट्या विमानात तर इंधन आणि प्रवासी यांची सरळ अदलाबदल होते. टाक्या भरल्या तर दोन माणसे खाली ठेवावी लागतात. या दोन टोकांमधली योग्य संख्या शोधणे हे डिस्पॅचरचे रोजचे काम होय.

वाऱ्याने चोरलेली मिनिटे

आता आपल्याकडचेच एक उदाहरण घेऊ. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली ते सापडले आणि १९७६ पासून तेथून तेल निघू लागले. तेथील फलाटांवर काम करणाऱ्यांची ने-आण जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने होते. याच जुहूला १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते. समुद्रावरच्या या उड्डाणांत एक मोठी अडचण असते. खाली सगळीकडे पाणीच पाणी, उतरावयास शेत नाही की रस्ता नाही.

समजा, हेलिकॉप्टरचा हवेतला वेग ताशी २४० किलोमीटर आहे आणि वारा अजिबात नाही. १६० किलोमीटर जाण्यास ४० मिनिटे, येण्यास ४० मिनिटे. एकूण ८० मिनिटे. राखीव साठा बाजूला ठेवून नेमके ८० मिनिटांचे इंधन घेतले, तर फलाटावर उतरता आले नाही तरी परत येता येईल. हे ठीक झाले.

आता पश्चिमेकडून ताशी ४० किलोमीटर वेगाने वारा वाहू लागला. जाताना तो समोरून येतो, म्हणून जमिनीच्या संदर्भात वेग २०० होतो. येताना तो पाठीमागून ढकलतो, म्हणून वेग २८० होतो. 'जाताना जे गेले ते येताना मिळाले, हिशेब बरोबर!' असे पुष्कळांना वाटते. करून पाहा. १६० भागिले २०० म्हणजे ४८ मिनिटे. १६० भागिले २८० म्हणजे सुमारे ३४ मिनिटे. एकूण ८२ मिनिटे. दोन मिनिटे वाढली! वारा ताशी ८० किलोमीटर असेल तर जाण्यास ६० आणि येण्यास ३० मिनिटे, एकूण ९० मिनिटे लागतील.

असे का होते? कारण समोरच्या वाऱ्यात आपण अधिक वेळ घालवितो आणि साथीच्या वाऱ्यात कमी वेळ. त्यामुळे तोटा अधिक काळ होतो, नफा थोडा काळ. जाण्यायेण्याच्या प्रवासात सरळ रेषेत वाहणारा वारा नेहमीच वेळ खातो.

आता डिस्पॅचर पुढचा प्रश्न विचारतो. ८० मिनिटांच्या इंधनावर किती दूर जाऊन परत येता येईल? ते अंतर 'अ' मानू. मग अ/२०० + अ/२८० = ८०/६०. हे समीकरण सोडविले की अ = १५५.६ किलोमीटर येतो. म्हणजे फलाटाच्या सुमारे साडेचार किलोमीटर अलीकडेच परतीची शेवटची जागा येऊन गेली. त्या बिंदूपर्यंत मागे वळले तर किनारा गाठता येतो. त्यानंतर वळले तर राखीव साठ्याला हात घालावा लागतो. वारा ताशी ८० असेल तर हा बिंदू १४२ किलोमीटरवरच येतो.

मग यावर उपाय कोणते? अधिक इंधन घ्यावे आणि त्या वजनाइतके सामान किंवा एखादा प्रवासी खाली ठेवावा. ज्या फलाटावर इंधनाची सोय आहे तो निवडावा. अथवा वारा उतरेपर्यंत थांबावे. फलाटावर महिनाभर काम करून घरी निघालेल्या माणसाला 'आज नाही, उद्या' हे शब्द ऐकवणे सोपे नसते. पण समीकरण कोणाच्या घाईकडे पाहत नाही.

हवा पातळ होते तेव्हा

डिस्पॅचरला वाऱ्याइतकीच उष्णतेची काळजी असते. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमानात एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२२५ किलो असते. दाब तोच राहून तापमान ३५ अंश झाले, तर ते सुमारे १.१४५ किलोवर येते. म्हणजे साडेसहा टक्के घट. पंख असोत वा हेलिकॉप्टरची पाती असोत, ती हवेलाच ढकलून वजन उचलतात. हवा पातळ झाली की उचलण्याची ताकद कमी होते, आणि इंजिनाचा जोरही उतरतो. उंचीवर गेल्यावर हवा आणखी विरळ होते. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. तेथे उड्डाणे मुख्यतः सकाळच्या थंड वेळी का होतात, हे आता तुम्हीच सांगू शकाल. दुपारी हवा तापते आणि डोंगरातले वारेही अंगात येतात.

धुक्याचा अंदाजही असाच तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या ज्ञानावर आधारलेला असतो. विमानतळाच्या हवामान अहवालात तापमान आणि दवबिंदू असे दोन आकडे शेजारी शेजारी दिलेले असतात. संध्याकाळी ते २० आणि १४ असतील तर फारशी चिंता नाही. पण रात्री ते १५ आणि १४ झाले, वारा पडला आणि आकाश निरभ्र राहिले, तर पहाटे धुके पडण्याचा संभव बराच. डिस्पॅचर त्या दोन आकड्यांमधले अंतर कमी होताना पाहतो आणि पर्यायी विमानतळाचे इंधन वाढवितो. पर्यायी विमानतळ केव्हा आवश्यक, यासाठी अमेरिकेत '१-२-३' नावाचा एक सोपा नियम शिकवितात. पोहोचण्याच्या वेळेच्या १ तास आधीपासून १ तास नंतरपर्यंत ढगांचा तळ किमान २ हजार फुटांवर आणि दृश्यमानता किमान ३ मैल राहील असा अंदाज नसेल, तर पर्यायी विमानतळ नेमलाच पाहिजे.

४ तास २२ मिनिटे

आता एक खरी घटना ऐका. ती वाचताना मघाचा इंधनाचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवा.

२८ नोव्हेंबर २०१६ रोजी बोलिव्हियातील सांता क्रूझ शहरातून लामिया नावाच्या एका छोट्या भाडोत्री कंपनीचे विमान कोलंबियातील मेडेलिनकडे निघाले. आत ७७ माणसे होती. त्यांत ब्राझीलच्या शापेकोएन्से या फुटबॉल संघाचे खेळाडू होते. दक्षिण अमेरिकेतील एका मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना खेळावयास ते चालले होते. अंतर सुमारे तीन हजार किलोमीटर. विमान चार इंजिनांचे, पण मुख्यतः कमी पल्ल्याच्या प्रवासासाठी बनविलेले.

उड्डाणापूर्वी कंपनीने जो आराखडा विमानतळावर सादर केला, त्यात दोन आकडे होते. प्रवासास लागणारा वेळ: ४ तास २२ मिनिटे. इंधन पुरेल तो वेळ: ४ तास २२ मिनिटे.

मित्रहो, तुम्ही आता डिस्पॅचरच्या जागी आहात. या कागदावर सही कराल काय? यात पर्यायी विमानतळासाठी इंधन नाही. घिरट्या घालण्यासाठी अर्धा तास नाही. वारा बदलला तर त्यासाठी एक टक्काही नाही. विमानतळावरच्या एका महिला कर्मचाऱ्याच्या हे लक्षात आले आणि तिने हरकतही घेतली होती. तरीही विमान निघाले. वाटेत कोबिहा येथे इंधन घेण्याचा विचार होता, पण निघण्यास उशीर झाला होता आणि तो विमानतळ रात्री बंद असे. विमान न थांबता पुढेच जात राहिले. वाटेवर बोगोटाचा मोठा विमानतळ होता. तेथेही ते उतरले नाही.

मेडेलिनजवळ पोहोचल्यावर जे घडले ते आकाशात कोठेही, कधीही घडू शकते. दुसऱ्या एका विमानाला अडचण होती, म्हणून नियंत्रकाने त्याला आधी वाट दिली आणि या विमानाला घिरट्या घालावयास सांगितले. राखीव इंधन असते ते याच मिनिटांसाठी. ते येथे नव्हते. इंजिने एकामागून एक बंद पडली आणि विमान डोंगरावर आदळले. ७१ माणसे मृत्युमुखी पडली, ६ वाचली. आघातानंतर आग लागली नाही, कारण टाक्यांत जळण्यास काही उरलेच नव्हते.

कोलंबियाच्या विमान वाहतूक खात्याचा अहवाल २०१८ साली आला. त्यानुसार या प्रवासाला किमान ११,६०३ किलो इंधन हवे होते आणि विमानात सुमारे ९,३०० किलो होते. मुख्य वैमानिक हा कंपनीच्या मालकांपैकी एक होता, आणि तो आराखडा सादर करणारा कंपनीचा डिस्पॅचरही त्याच विमानात होता. दोघेही वाचले नाहीत.

छोट्या संस्थेत डिस्पॅचरचे काम का कठीण असते, हे येथे स्पष्ट दिसते. गणित अवघड नव्हतेच. सातवीतल्या मुलालाही त्यातली चूक दिसेल. कठीण होते ते मालकाला 'नाही' म्हणणे. जो माणूस पगार देतो तोच वैमानिक असेल, तर दुसरा तपासनीस केवळ नावापुरता उरतो. दोघांची जबाबदारी समान ठेवण्याचा नियम कशासाठी असतो, हे आता वेगळे सांगावयास नको.

रुग्णाचे नाव सांगू नका

हवाई रुग्णवाहिकेच्या सेवेत 'नाही' म्हणणे याहून अवघड. रात्री दोन वाजता फोन येतो. दूरच्या रस्त्यावर अपघात झाला आहे, रुग्णाचा जीव धोक्यात आहे. हवा मात्र खराब आहे. काय करावे?

अमेरिकेत रुग्णवाहू हेलिकॉप्टरांचे अपघात वाढत गेले आणि २००८ हे त्या सेवेतले अत्यंत घातक वर्ष ठरले. तपासात असे वारंवार दिसले की, वाचविण्याच्या तळमळीने वैमानिक नको त्या हवेत शिरत होते. म्हणून पुष्कळ संस्थांनी एक पद्धत स्वीकारली. उड्डाण शक्य आहे की नाही हे ठरेपर्यंत वैमानिकाला रुग्णाबद्दल काहीच सांगावयाचे नाही. रुग्ण लहान मूल आहे की वृद्ध, हेही नाही. कोठून कोठे जावयाचे एवढेच सांगावयाचे. ऐकताना हे निष्ठुर वाटते. पण हेलिकॉप्टर कोसळले तर रुग्णासह वैमानिक, डॉक्टर आणि परिचारिकाही जातील, हे ध्यानात घ्या.

२०१४ साली तेथे नवा नियम झाला. दहा किंवा अधिक रुग्णवाहू हेलिकॉप्टरे असलेल्या संस्थेने खास नियंत्रण केंद्र चालवावे, आणि तेथे प्रशिक्षित तज्ज्ञ बसवावेत. हे तज्ज्ञ म्हणजे डिस्पॅचरांचेच भाऊबंद. ते हवामान पाहतात, प्रत्येक उड्डाणाचा धोका वैमानिकाबरोबर तपासतात आणि हेलिकॉप्टरवर सतत लक्ष ठेवतात. थकवा येऊ नये म्हणून त्यांची पाळी सलग दहा तासांपेक्षा मोठी लावता येत नाही.

त्याच नियमांत एक लक्षात ठेवण्याजोगे कलम आहे. हेच उड्डाण दुसऱ्या एखाद्या संस्थेने आधी नाकारले आहे काय, हे शोधण्याची पद्धत ठरवून ठेवावी, असे ते सांगते. कारण पूर्वी असे होई की, एका संस्थेने हवा खराब म्हणून नकार दिला की फोन करणारा दुसरीला विचारी, मग तिसरीला. कोणीतरी 'हो' म्हणेपर्यंत फोन चाले, आणि शेवटच्या वैमानिकाला आधीच्या दोन नकारांची कल्पनाच नसे.

तुम्हाला हे काम करावेसे वाटले तर

या कामासाठी विमान चालविता येण्याची गरज नाही, पण विमान का उडते हे पक्के समजले पाहिजे. भौतिकशास्त्र, गणित आणि भूगोल हे तीन विषय त्याचा पाया आहेत. त्यांवर हवामानशास्त्र, दिशादर्शन, विमानाची यंत्रणा, वजन आणि तोल, नियम यांचे शिक्षण दिले जाते. अमेरिकेत डिस्पॅचरचा परवाना मिळविण्यास वयाची २३ वर्षे पूर्ण असावी लागतात. आपल्याकडे विमान कंपन्यांच्या डिस्पॅचरांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता घ्यावी लागते.

आज इंधनाची बेरीज आणि वाऱ्याची समीकरणे संगणक क्षणात सोडवितो. मग माणूस कशाला? संगणकाला जे आकडे द्याल त्यांवरच तो हिशेब करतो. कोबिहाचा विमानतळ रात्री बंद असतो हे कोणीतरी विचारावे लागते. उत्तर ४ तास २२ मिनिटे आले तर ते पुरेसे नाही, हे कोणीतरी ओळखावे लागते, आणि ओळखून ठामपणे बोलावे लागते.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. शिक्षकांनी ते वर्गात फळ्यावर सोडवून घ्यावे. एक फलाट किनाऱ्यापासून १८० किलोमीटरवर आहे. हेलिकॉप्टरचा हवेतला वेग ताशी २२० किलोमीटर. राखीव साठा सोडून इंधन १०० मिनिटे पुरते. जाताना समोरून ताशी २० किलोमीटर वारा असेल, तर फलाटावर न उतरता परत येता येईल काय? आणि वारा ताशी ६० झाला तर? दुसऱ्या वेळी परतीचा अंतिम बिंदू किती किलोमीटरवर असेल?

उत्तरे: पहिल्या वेळी ५४ आणि ४५ मिळून ९९ मिनिटे लागतात, म्हणजे जेमतेम जमते. दुसऱ्या वेळी सुमारे १०६ मिनिटे लागतात. म्हणजे जमत नाही. परतीचा अंतिम बिंदू सुमारे १७० किलोमीटरवर येतो.

पहिल्या उत्तरात एक मिनिट शिल्लक राहते. तेवढ्यावर तुम्ही हेलिकॉप्टर सोडाल काय? वर्गात यावर चर्चा करा. वाऱ्याचा अंदाज ताशी पाच किलोमीटरने चुकला तर काय होईल, हेही त्याच वेळी काढून पाहा.